पोपटी : एका मडक्याचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिकाचे जुने अंक ग्रंथालयात बसून चाळले, तर चौल-रेवदंड्यावर एखादा तरी लेख हमखास सापडतो. कधी पोर्तुगिजांचा कोट, कधी रामेश्वराचे मंदिर, कधी भोवाळ्याच्या टेकडीवरील दत्ताची जत्रा. ते योग्यच आहे. ज्या बंदराचे नाव टॉलेमीच्या भूगोलात आले, जेथे पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी उतरला, त्या गावाबद्दल गावच्या मुलांनी लिहायचे नाही तर कोणी लिहायचे? परंतु माझ्या आजच्या विषयाला तट नाही, बुरूज नाही, शिलालेखही नाही. तो दरवर्षी पौष-माघात एका रात्री शेतात उभा राहतो आणि पहाटेपर्यंत त्याची राख होते. तो विषय म्हणजे पोपटी.

हा लेख लिहिण्याचे निमित्त एका प्रश्नाने झाले. माझा एक वर्गमित्र देशावरून आलेला आहे. डिसेंबरात तो हुरड्याच्या आठवणी सांगत होता, तेव्हा मीही ऐटीत म्हणालो, "आमच्याकडे पोपटी असते." त्याने विचारले, "म्हणजे काय?" मी सांगितले, "वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा." त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, "उपडे का?" मला उत्तर देता येईना. "तसेच असते," एवढेच मी म्हणालो. "तसेच असते" हे उत्तर घरात चालते, वर्गात चालत नाही. म्हणून त्या शनिवारी वही घेऊन मी बाबांसमोर बसलो. त्यांनी वहीकडे पाहिले आणि विचारले, "याचा पन लिवतात का रे पुस्तकात?" लिहिलेले मला कोठे दिसले नाही. म्हणून हा प्रयत्न.

हिरव्या दाण्याचे दिवस

प्रथम हुरडा आणि पोपटी यांचे नाते पाहू. कोणताही दाणा कणसात किंवा शेंगेत एकदम तयार होत नाही. फूल गळाल्यावर त्यात आधी दुधासारखा रस भरतो, मग तो रस घट्ट होतो आणि शेवटी दाणा वाळून कडक होतो. वाळलेला दाणा वर्षभर टिकतो, पण तो खाण्यासाठी दळणे, भिजवणे, शिजवणे असे सोपस्कार करावे लागतात. मधली जी अवस्था असते, दूध सरून गेलेले आणि दाणा भरलेला पण वाळलेला नाही, तिच्यात दाण्याला स्वतःचे पाणी असते, गोडी असते आणि मऊपणाही असतो. या अवस्थेत त्याला फक्त विस्तव पुरतो.

ही गोष्ट शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी ओळखली आहे. देशावर ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून तळहातावर चोळतात, तो हुरडा. गव्हाच्या ओंब्या भाजतात. हरभऱ्याचे घाटे झाडासकट जाळावर धरतात, तो हुळा. मक्याचे कणीस तर शहरातही ठाऊक आहे. सूर्यफूल आपल्याकडे सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांत तेलासाठी पिकवले जाते. पण त्याच्या मूळ देशात, म्हणजे अमेरिकेत, अलीकडे काही लोक अर्धवट पिकलेले अख्खे फूल भाजून खातात. पाकळ्या आणि वरचा बारीक फुलोरा चोळून काढायचा, तेलमीठ लावायचे, दाण्यांची बाजू खाली करून विस्तवावर ठेवायचे आणि मक्याच्या कणसासारखे दाणे दातांनी काढून खायचे. ऐकताना नवल वाटते, परंतु हुरड्याच्या आणि पोपटीच्या माणसाला त्यात परके काही नाही. सालीत, शेंगेत किंवा बोंडात असलेला हिरवा दाणा तसाच भाजायचा, हे तत्त्व एकच आहे.

या सर्वांत आणखी एक साम्य आहे. हिरव्या दाण्याचे दिवस थोडे असतात. एका शेतात ते पंधरवडाभर टिकतात, फार तर थोडे अधिक. तो दाणा कणगीत भरून ठेवता येत नाही. जे साठवता येत नाही ते वाटून खावे लागते. म्हणून हुरडा काय किंवा पोपटी काय, एकट्याने कोणी करीत नाही.

भातानंतरचे शेत

आमच्याकडे वाड्यांत नारळ-सुपारी आणि वाड्यांच्या मागे भातशेती अशी जमिनीची रचना आहे. आश्विन-कार्तिकात भात कापले की जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते. त्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाटाचे पाणी नाही. जमिनीतली ओल आणि रात्रीचे दव यांवर तो वाढतो. वाल हे द्विदल पीक असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात आणि पुढच्या भाताला त्याचा उपयोग होतो. वनस्पतिशास्त्रात वालाला लॅबलॅब पर्प्युरियस म्हणतात. पावटा हा त्याचाच भाऊबंद. वाळलेल्या दाण्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात. १९७२ साली दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने वालाच्या सुधारित जातीही काढलेल्या आहेत. पोपटीसाठी लागतात त्या भरलेल्या हिरव्या शेंगा. उरलेले पीक वाळवून त्याचा वाल होतो आणि त्याचे बिरडे वर्षभर घराघरांत शिजते.

त्याच शेतात, भाताच्या धसकटांत आणि बांधावर, एक रानटी झाड आपोआप उगवते. त्याचे नाव भांबुर्डा. ते गुडघाभर उंचीचे असते, पाने लवदार असतात आणि चुरगळली की उग्र, कापरासारखा वास येतो. त्याचे शास्त्रीय नाव ब्लुमिया. गंमत अशी की हा भांबुर्डा सूर्यफुलाच्याच कुळातला आहे. इतर दिवशी त्याला कोणी विचारीत नाही; गुरेही तोंड लावीत नाहीत. शेतीच्या पुस्तकात त्याची जागा तणांत आहे. मात्र भांबुर्ड्याशिवाय पोपटी होत नाही.

आता शेतातून काय काय मिळाले ते मोजावे. शेंगा मिळाल्या, भांबुर्डा मिळाला आणि जाळासाठी भाताचा पेंढा मिळाला. मडके कुंभाराचे, पण तीही मातीच. बाबांच्या लहानपणी मडके भाताच्या मोबदल्यात मिळे. बाजारातून आणायचे ते फक्त मीठ आणि ओवा.

मडके भरण्याची रीत

आमच्या घरची रीत देतो. घरोघरी त्यात थोडा फरक असतो. आठ-दहा माणसांसाठी मध्यम आकाराचे, तोंड फार रुंद नसलेले मडके घ्यावे. ते पूर्ण कोरडे असले पाहिजे. साधारण तीन किलो वालाच्या शेंगा निवडून, धुऊन, पाणी निथळू द्यावे. शेंगा सोलायच्या नाहीत, मोडायच्याही नाहीत. त्यांना मूठ-दीड मूठ जाडे मीठ आणि अर्धी मूठ ओवा चोळावा.

मडक्याच्या बुडाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा जाड थर द्यावा. त्यावर बटाटे, रताळी असे शिजायला वेळ घेणारे पदार्थ ठेवावेत. मडके उपडे केल्यावर बूड वर येते आणि तो भाग अधिक तापतो, असे बाबा सांगतात. मग शेंगांचा थर, मधोमध अंडी, पुन्हा शेंगा. अंडी मडक्याच्या भिंतीला टेकू द्यायची नाहीत. कोंबडी घालायची असेल तर तिला मसाला लावून केळीच्या पानात बांधावी आणि तीही मधेच ठेवावी. शेवटी तोंडाशी भांबुर्डा इतका दाबून भरावा की मडके उलटे केले तरी शेंग खाली पडू नये. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही, तेलही घालायचे नाही. आमची आजी म्हणायची, "पानी नको घालू. शेंगेचं पानी शेंगेला पुरतं."

मडके मोकळ्या जागी जमिनीवर उपडे ठेवावे. भोवती शेण्या, सुका पाला, नारळाच्या झावळ्या आणि वर पेंढा रचून पेटवावे. जाळ सर्व बाजूंनी सारखा असावा; कमी झाला की पेंढा टाकीत राहावे. अर्धा ते पाऊण तास लागतो. झाले की नाही हे ओळखण्याची खूण अशी : मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. चर्र असा आवाज होऊन ते लगेच उडाले आणि भांबुर्ड्याचा वास सुटला, की पोपटी तयार. मग राख बाजूला सारून, गोणपाटाने धरून मडके उचलायचे आणि सारे केळीच्या पानांवर ओतायचे. शेंग दातांत धरून ओढली की दाणे तोंडात राहतात आणि साल हातात. सोबत अलिबागचा पांढरा कांदा असला तर आणखी काही लागत नाही.

आत काय घडते

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. मडके उपडे का?

हिरव्या शेंगेत निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. मिठामुळे त्यातले थोडे पाणी सालीवर उतरते. उष्णता लागली की त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी असल्यामुळे वर जाते. मडके सुलटे ठेवले तर वर तोंड आहे. वाफ निघून जाईल आणि शेंगा करपतील. उपडे ठेवले की वर बूड येते आणि तेथून वाट नाही. खाली तोंड आहे, पण तेथे भांबुर्ड्याचा बोळा आणि जमीन आहे. वाफ आतच कोंडते आणि शेंगांमधून फिरत राहते. जोपर्यंत आत पाणी शिल्लक आहे तोपर्यंत आतले तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते, मग बाहेर जाळ कितीही मोठा असो. म्हणून पोपटीत पदार्थ भाजल्यासारखा लागतो, परंतु खरे तर तो वाफेवर शिजलेला असतो. पाणी संपत आले की मात्र कडेच्या शेंगांना डाग पडू लागतात, तो खमंगपणा शेवटच्या काही मिनिटांचा.

वाल पूर्ण शिजणे चवीसाठीच नव्हे तर प्रकृतीसाठीही आवश्यक आहे. या जातीच्या कच्च्या दाण्यात पचनाला अडथळा करणारी आणि काही अंशी विषारी द्रव्ये असतात. उष्णतेने ती कमी होतात. ओव्यातले थायमॉल पोटाला बरे. आजीला थायमॉल हा शब्द माहीत नव्हता, पण ओवा विसरलेले तिला चालत नसे.

हे शास्त्र मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी नुकसानीतून शिकलो, ते सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी प्रथमच मी बाबांशिवाय पोपटी लावली. पावसाळाभर अंगणात पडून असलेले मडके घेतले. वरून ते सुके दिसत होते. शिवाय लवकर व्हावे म्हणून पेंढ्याऐवजी जाड लाकडे लावली. दहाच मिनिटांत मडक्याने फटकन आवाज केला आणि बुडाला तडा गेला. मातीत मुरलेली ओल एकाएकी वाफ होऊन बाहेर पडू पाहत होती, तिला वाट मिळाली नाही. तड्यातून आतली वाफ निघून गेली. एका बाजूच्या शेंगा कोळसा झाल्या, बटाटे कच्चे राहिले आणि अंडी फुटली. बारा माणसे ताटकळत बसली होती. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी राखेतून चांगल्या शेंगा वेचल्या आणि सर्वांना चार-चार वाटल्या. पेंढा का, लाकूड का नाही, याचे उत्तर मला त्या रात्री मिळाले. पेंढ्याचा जाळ हलका आणि पसरट असतो. तो मडक्याला हळूहळू सर्व बाजूंनी तापवतो.

पोपटीचे नातलग

ही युक्ती आपल्या एकट्यांची नाही. गुजरातेत वलसाडच्या बाजूला उंबाडियुं करतात; तेथेही पापडी, कंद आणि रताळी पाल्यासकट मडक्यात भरून मडके उपडे भाजतात. प्रसिद्ध उंधियुं हे नावच मुळी गुजरातीतील 'उंधुं' म्हणजे उपडे या शब्दावरून आले आहे, जरी आज ते बहुतेक घरांत पातेल्यात, तेलावर होते. न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर पाने आणि अन्न ठेवून, वरून माती लोटतात. त्याला हांगी म्हणतात. पेरू देशात अशाच भूमिगत भट्टीला पाचामांका हे नाव आहे. भांडे किंवा खड्डा, पाला आणि कोंडलेली वाफ ही तीन अंगे सर्वत्र आहेत.

पोपटीच्या मडक्यात थोडा इतिहासही भरलेला असतो. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननात वालाच्या जातीचे दाणे सापडले आहेत. म्हणजे हा दाणा या भूमीत हजारो वर्षांचा. बटाटा आणि रताळे मात्र मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीज जहाजांच्या काळात ते भारतात पोहोचले. रेवदंड्याचा कोट १५२१ नंतर उभा राहिला आणि १७४० साली पोर्तुगिजांची सत्ता येथून गेली. कोट पडका झाला. त्या व्यापाराने देशात आणलेला बटाटा मात्र आमच्या मडक्यात वालाशेजारी बसला आहे.

राखणीचा हिशोब

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा.

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्यावर आज पर्यटकांसाठी पोपटी लावली जाते. मुंबईचे पाहुणे आवडीने खातात. त्यातून गावच्या मुलांना चार पैसे मिळतात आणि पोपटीचे नाव दूरवर गेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यंदा आमच्या घरच्या पोपटीला वालाच्या शेंगा बाजारातून आणाव्या लागल्या. मला आठवते तेव्हापासून असे पहिल्यांदा झाले. त्याचे कारण शोधताना मला जे दिसले ते पाककृतीत कोठेच लिहिलेले नसते.

भात घरात आले की गावची गुरे मोकळी सुटतात. ही जुनी रीत आहे. त्यामुळे वाल पेरला की शेंगा हाती येईपर्यंत सुमारे तीन महिने दिवसा राखण करावी लागते. आमच्या पट्ट्यात पूर्वी चौदा घरे वाल पेरीत. राखण पाळीने असे. रोज एका घरचा मुलगा साऱ्या पट्ट्याची गुरे हाकी. म्हणजे एका घराची पाळी चौदा दिवसांनी येई. पुढे काही जमिनी विकल्या गेल्या आणि त्यांना तारेचे कुंपण पडले. काहींची मुले मुंबई-पनवेलला नोकरीला गेली आणि त्यांनी वाल सोडला. गेल्या वर्षी पाच घरे उरली. पाळी पाचव्या दिवशी. यंदा पेरायला तयार असलेली घरे तीन होती. म्हणजे दर तिसरा दिवस माझा, आणि महाविद्यालयात हजेरीची अट ७५ टक्के. बाबांनी हा हिशोब बोटांवर केला आणि म्हणाले, "तू कालेजला जा." वाल पेरला नाही. आम्ही मागे घेतल्यावर उरलेल्या दोघांनीही पेरला नाही, कारण दोन घरांनी एवढी राखण होत नाही.

घरात पहिल्यांदाच कोणी पदवीच्या वर्गात बसले याचा आईबाबांना आनंद आहे आणि मलाही आहे. परंतु मला हेही मान्य केले पाहिजे की शेत ओसाड राहण्यात माझ्या हजेरीपटाचा वाटा आहे. हा दोष शिक्षणाचा म्हणावा असे मला वाटत नाही. चौदा घरांत जे काम हलके होते तेच तीन घरांत जड झाले, एवढाच त्याचा अर्थ. आपण समजतो की पोपटी हा एका घरचा पदार्थ आहे. तसे नाही. सलग पट्टा पेरला गेला तरच एकाचे पीक वाचते. पोपटी शिवाराची असते.

म्हणून केवळ कृती लिहून ठेवल्याने पोपटी टिकणार नाही. यावर एक सूचना करतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर हिवाळ्यात असते. पुढील वर्षी त्यातील एक दिवस चौलच्या शिवारफेरीला द्यावा. कोणत्या पट्ट्यात अजून वाल होतो, किती घरे पेरतात, राखण कशी चालते, कोणी आणि का सोडले, याचा साधा तक्ता आणि नकाशा भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी करावा. तो नकाशा हाती असला तर विखुरलेल्या शेतांऐवजी एकच सलग पट्टा ठरवून पेरता येईल, आणि त्या तीन महिन्यांपुरता कोंडवाडा चालू ठेवण्याची विनंती ग्रामपंचायतीकडे करता येईल. रविवारची राखण आम्ही विद्यार्थी वाटून घेऊ शकतो. आमच्या प्राध्यापकांनी यावर विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

यंदाच्या पोपटीला तो देशावरचा मित्र आला होता. मडके नवे होते, जाळ पेंढ्याचा होता आणि थेंब शिंपडताच चर्र वाजले. मडके उपडे का, हे मी त्याला आगीपाशी बसून समजावले. बाबा ऐकत होते. माझे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "वाफ हलकी असते हे म्हायती नव्हतं. पन मडका उपडा ठेवायचा, हे म्हायती होतं." मित्राने शेंगांची चव वाखाणली. त्या बाजारच्या आहेत हे मी त्याला सांगितले नाही.

आमच्या घरी गेल्या वर्षीच्या वालाचे बियाणे राखेत घालून मडक्यात ठेवलेले आहे. त्यातले थोडे आई बिरड्यासाठी मागत होती. बाबांनी दिले नाही.